तंबू कुठे उभा होता?

१९१४ साली ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेचे अधिवेशन ऑस्ट्रेलियात भरले. त्यासाठी इंग्लंडहून निघालेल्या अभ्यासकांमध्ये ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की हे तीस वर्षांचे पोलिश गृहस्थ होते. प्रवासातच युरोपात महायुद्ध पेटल्याची बातमी आली आणि क्राकोवमध्ये जन्मल्यामुळे ऑस्ट्रिया-हंगेरीचे प्रजाजन ठरणारे मालिनोव्स्की ब्रिटिश साम्राज्याच्या लेखी एकाएकी शत्रुराष्ट्राचे नागरिक झाले. ऑस्ट्रेलियन सरकारने त्यांना डांबून ठेवले नाही. आपल्या ताब्यातल्या पापुआ प्रदेशात संशोधन करण्याची परवानगी त्याने दिली, थोडी आर्थिक मदतही केली. आधी माइलू इथे आणि नंतर १९१५ ते १९१८ या काळात दोन दीर्घ मुक्कामांत ट्रोब्रियँड बेटांवर मालिनोव्स्कींनी जे काम केले, त्यातून समाजाचा अभ्यास करण्याची एक नवी रीत रूढ झाली. लोकांमध्ये जाऊन राहायचे, त्यांची भाषा शिकायची, रोजच्या व्यवहारात सामील व्हायचे आणि जे पाहिले-ऐकले ते त्याच दिवशी टिपून ठेवायचे, ही ती रीत. आपल्याकडच्या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही ती पहिल्याच वर्षी शिकवतात. पण पाहणारा माणूस स्वतः कुठे उभा आहे यावर त्याला काय दिसते हे अवलंबून असते का, हा प्रश्न त्या रीतीत दडलेला होता आणि तो उघडपणे विचारला जायला अर्धे शतक जावे लागले. विचारल्यावर त्याला जे उत्तर मिळाले, ते पुष्कळदा चुकीच्या दिशेने गेले. संशोधकांनी स्वतःविषयी कबुलीजबाब लिहायला सुरुवात केली. खरी गरज मात्र वेगळ्या जागी उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाने तेच पुन्हा पाहण्याची होती. ट्रोब्रियँडपासून कर्नाटकातल्या रामपुरापर्यंत आणि तिथून महाराष्ट्रातल्या दलित स्त्रियांच्या लेखनापर्यंतचा इतिहास हेच दाखवतो.

मालिनोव्स्कींच्या आधी काय चालत असे, हे पाहिले म्हणजे त्यांच्या रीतीचे आकर्षण समजते. जेम्स फ्रेझर यांच्यासारखे पंडित केंब्रिजमध्ये बसून जगभरच्या चालीरीतींवर ग्रंथ लिहीत आणि त्यांना माहिती पुरवत मिशनरी, व्यापारी आणि वसाहतींतले अधिकारी. १८९८ मध्ये आल्फ्रेड हॅडन आणि डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स टोरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेवर गेले. रिव्हर्स यांनी पुढे आपल्या निलगिरीत येऊन तोडा जमातीचा अभ्यास केला आणि १९०६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. तरीही गोऱ्या अधिकाऱ्याच्या बंगल्याच्या व्हरांड्यात बसायचे, गावातली माणसे बोलावून घ्यायची आणि दुभाष्यामार्फत प्रश्न विचारायचे, हीच सर्वसाधारण पद्धत होती. मालिनोव्स्कींनी ट्रोब्रियँडमधल्या किरिविना बेटावरच्या ओमाराकाना गावात, सरदार तोउलुवा याच्या वस्तीत, झोपड्यांच्या मधोमध तंबू ठोकला. १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आर्गोनॉट्स ऑफ द वेस्टर्न पॅसिफिक’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी या तंबूला जवळजवळ सिद्धान्ताचा दर्जा दिला. गोऱ्या माणसांची संगत सोडा, गावात राहा, म्हणजे तुम्हाला तिथल्या माणसाच्या दृष्टीने जग दिसू लागेल, असे त्यांचे सांगणे होते. बेटाबेटांतून शंखांचे हार एका दिशेने आणि शंखांचीच कडी उलट दिशेने फिरवणाऱ्या ‘कुला’ या देवघेवीचे त्यांनी केलेले वर्णन इतके जिवंत आणि तपशीलवार होते की पद्धतीवर शंका घ्यायला कोणाला जागाच उरली नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या त्यांच्या वर्गातून रेमंड फर्थ, इव्हान्स-प्रिचर्ड यांच्यासारखी एक अख्खी पिढी तयार झाली.

तंबूच्या आसपास काय होते, ते त्या प्रस्तावनेत फारसे आले नाही. बेटावर सरकारी मॅजिस्ट्रेट होता, मिशन होते, मोत्यांचे व्यापारी होते. यातल्या काही व्यापाऱ्यांशी मालिनोव्स्कींची दोस्ती होती आणि गावाचा कंटाळा आला की ते त्यांच्याकडे मुक्कामाला जात. गावकऱ्यांना त्यांना सहज हाकलून देता आले नसते, कारण ज्या सत्तेच्या परवानगीने ते आले होते, तीच सत्ता गावावरही होती. हे सगळे वाचकाला सांगण्याची गरज त्या काळी कोणालाच वाटली नाही. शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकातून पाहावे, सूक्ष्मदर्शकाविषयी बोलत बसू नये, अशीच तेव्हाची धारणा होती.

पण पाहणाऱ्याच्या जागेविषयीची शंका त्या काळात कोणालाच आली नव्हती असे म्हणणे चुकीचे ठरेल. मालिनोव्स्कींचा ट्रोब्रियँडमधला पहिला मुक्काम संपून काही आठवडेच झाले होते, तेव्हा ९ मे १९१६ रोजी न्यू यॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचविशीतल्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जात म्हणजे बंदिस्त केलेला वर्ग आणि ती बंदिस्ती टिकते आपल्याच गटात लग्न करण्याच्या सक्तीने, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन आज सर्वांना माहीत आहे. त्याच निबंधात युरोपीय अभ्यासकांविषयी केलेली टिप्पणी मात्र कमी वाचली जाते. जातिव्यवस्थेत वर्णाला, म्हणजे कातडीच्या रंगाला, या मंडळींनी अवास्तव महत्त्व दिले, कारण ते स्वतःच रंगद्वेषाने भारलेले होते आणि म्हणून त्यांना तोच मूळ मुद्दा वाटला, असे आंबेडकर म्हणतात. पाहणाऱ्याचा समाज त्याच्या सिद्धान्तात कसा शिरतो, याचे इतके नेमके निदान त्या काळात क्वचितच कोणी केले असेल. विशेष म्हणजे या निदानावरून आंबेडकरांनी ‘ज्याचे त्याचे सत्य वेगळे’ असा निष्कर्ष काढला नाही. शास्त्रात भावनेला थारा नको, वस्तुस्थिती निःपक्षपातीपणे तपासली पाहिजे आणि आपले म्हणणे कोणी तर्काने खोडून काढले तर आपल्याला आनंदच होईल, अशा अर्थाने त्यांनी निबंधाचा शेवट केला. पाहणाऱ्याची जागा ओळखायची ती पुराव्याची कसोटी अधिक कडक करण्यासाठी, ती सोडून देण्यासाठी नाही, ही त्यांची भूमिका होती. ती माझ्या मते पुढच्या सगळ्या वादाची किल्ली आहे. १९४८ मध्ये ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी हाच मुद्दा अधिक तिखटपणे मांडला. ब्राह्मण विद्वानांत एकही व्होल्तेर का निपजला नाही, असा प्रश्न त्यांनी विचारला आणि त्याचे उत्तर त्या विद्वानांच्या बुद्धीत नव्हे, तर त्यांच्या सामाजिक हितसंबंधांत शोधले.

योगायोग असा की त्याच १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका खेड्यात एक तरुण ब्राह्मण अभ्यासक मुक्कामाला आला. म्हैसूर नरसिंहाचार श्रीनिवास हे मुंबई विद्यापीठात आपल्या मालवणच्या गो. स. घुर्ये यांचे विद्यार्थी होते. पुढे ऑक्सफर्डला जाऊन त्यांनी रॅडक्लिफ-ब्राऊन आणि इव्हान्स-प्रिचर्ड यांच्या हाताखाली काम केले होते. मालिनोव्स्कींची रीत अशा प्रकारे एका पिढीच्या अंतराने भारतीय खेड्यात उतरली. फरक एवढाच की या वेळी पाहणारा परका नव्हता. श्रीनिवास कन्नडभाषक होते, त्यांच्या घराण्याची मुळे त्याच परिसरातली होती. खेड्याला त्यांनी ‘रामपुरा’ हे टोपणनाव दिले. गावावर ओक्कलिगा शेतकऱ्यांचा वरचष्मा होता आणि गावच्या प्रमुखाने श्रीनिवासांची राहण्याची सोय आपल्या बैल बांधण्याच्या घरात केली. सोबत स्वयंपाकी होता. आपल्या समाजाचा अभ्यास आपणच करू लागलो की परकेपणाचा प्रश्न सुटला, असे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात तो प्रश्न फक्त जागा बदलून समोर आला. अय्यंगार ब्राह्मणाने ब्राह्मणासारखे वागावे अशी गावाची अपेक्षा होती, प्रमुखाचा पाहुणा म्हणून त्यांच्या वावराला मर्यादा होत्या आणि दलित वस्तीत मोकळेपणाने उठबस करणे त्यांना जमण्यासारखे नव्हते. घरांच्या आतले स्त्रियांचे जग तर बंदच होते.

या मुक्कामातून भारतीय समाजशास्त्राला ‘प्रभुत्वशाली जात’ ही संकल्पना मिळाली. खालच्या मानल्या गेलेल्या जाती वरच्यांचे आचार उचलतात, या प्रक्रियेला ‘संस्कृतीकरण’ हे नाव श्रीनिवासांनी कूर्गवरच्या आपल्या १९५२ च्या ग्रंथात आधीच दिले होते. दोन्ही संकल्पना आजही वापरात आहेत, वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांतसुद्धा. १९६३ मध्ये केंब्रिजचे एडमंड लीच यांनी त्यांच्यावर थेट प्रश्न टाकला. संस्कृतीकरण ही ब्राह्मणाच्या जागेवरून केलेली मांडणी आहे. श्रीनिवास शूद्र असते तर त्यांना हाच समाज असाच दिसला असता का? श्रीनिवासांनी १९६६ च्या ‘सोशल चेंज इन मॉडर्न इंडिया’ या पुस्तकात उत्तर दिले. आपल्या समाजाचा अभ्यास करणाऱ्यावर त्याच्या सामाजिक स्थानाचा परिणाम होतो हे त्यांनी मान्य केले, पण ते स्थान केवळ चुकीचे उगमस्थान नसून कधी मर्मदृष्टीही देते, असे म्हटले. उत्तर प्रामाणिक आहे आणि बरेचसे खरेही आहे. मात्र लीच यांच्या प्रश्नाचा रोख श्रीनिवासांच्या प्रामाणिकपणावर नव्हताच. शूद्राच्या किंवा अतिशूद्राच्या जागेवरून हाच समाज पाहणारे संशोधक त्या वेळी विद्यापीठांत होते किती, हा त्यातला खरा मुद्दा होता आणि तो कोणीच फार ताणला नाही. स्वतः लीच यांनीही नाही.

१९६७ मध्ये या साऱ्या चर्चेवर जणू वीज पडली. मालिनोव्स्की १९४२ मध्ये अमेरिकेत वारले, त्यानंतर त्यांच्या मागे राहिलेल्या कागदपत्रांत पोलिश भाषेतल्या वह्या सापडल्या होत्या. त्यांच्या पत्नी व्हॅलेटा स्वॉन यांनी पंचवीस वर्षांनी त्या इंग्रजीत छापून आणल्या. ती त्यांची खासगी रोजनिशी होती, १९१४-१५ ची आणि मग १९१७-१८ ची. स्थानिक माणसाच्या दृष्टीने जग पाहा असे सांगणारा माणूस त्या वह्यांत त्याच माणसांवर चिडत होता, त्यांना वंशद्वेषी शिव्या देत होता, काम टाळून कादंबऱ्यांत बुडत होता, प्रकृतीच्या काळजीने औषधे घेत होता, मेलबर्नमधल्या आपल्या प्रेयसीच्या, एल्सी मॅसनच्या, आठवणीने व्याकूळ होत होता आणि आईच्या मृत्यूची बातमी आल्यावर पार कोसळला होता. त्यांचे जुने शिष्य दुखावले. खासगी मजकूर छापणे हा विश्वासघात आहे आणि त्याचा शास्त्राशी काही संबंध नाही, असे अनेकांनी म्हटले. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी मात्र जे लिहिले, त्याचा आशय असा होता की दुसऱ्यांच्या अंतरंगात सरड्यासारखा रंग बदलून मिसळून जाणारा, सहानुभूतीचा पुतळा असा क्षेत्रसंशोधक ही दंतकथा आहे आणि ती स्वतः तिच्या जनकानेच मोडली. मालिनोव्स्कींचे काम मोठे ठरले ते त्यांच्या कष्टांमुळे, मायाळूपणामुळे नव्हे.

माझे म्हणणे असे की या वादात दोन्ही बाजूंची नजर माणसाच्या मनावर खिळली होती आणि म्हणून दोघांच्याही हातून महत्त्वाची गोष्ट निसटली. शिष्यांचा आक्षेप अर्धा बरोबर होता. एखादा संशोधक रात्री तंबूत काय पुटपुटतो, यावरून त्याने दिवसा लिहून घेतलेली ‘कुला’ची माहिती खोटी ठरत नाही. चांगल्या मनाच्या माणसाने केलेले निरीक्षण खोटे आणि वाईट मनाच्या माणसाचे खरे, असेही होऊ शकते. पण म्हणून जागेचा प्रश्न संपत नाही, कारण तो मनाचा प्रश्न कधीच नव्हता. तो वाटांचा प्रश्न आहे: कोणत्या घरात प्रवेश मिळाला, कोण बोलायला आले, कोणाचे काम ‘महत्त्वाचे’ म्हणून डोळ्यांत भरले आणि कोणाचे नजरेतून सुटले. ही गोष्ट रोजनिशी वाचून कळत नाही. ती कळते दुसऱ्या कोणी त्याच ठिकाणी जाऊन पाहिल्यावर.

१९७१ मध्ये ॲनेट वायनर या अमेरिकन संशोधिका किरिविनावर पोहोचल्या. ओमाराकानापासून जवळच क्वाइबवागा या गावात त्यांनी मुक्काम केला. गावात आल्याबरोबरच तिथल्या स्त्रिया त्यांना एका मृत्युविधीच्या वाटपाला घेऊन गेल्या. मधल्या मोकळ्या जागेत स्त्रिया केळीच्या वाळवलेल्या पानांच्या जुड्या आणि तंतूंचे घागरे ढिगाढिगाने मांडून वाटत होत्या. बाहेरच्या माणसाला या जुड्या म्हणजे निव्वळ पालापाचोळा वाटतो. पण प्रत्येक पान खरवडून, वाळवून, बांधून तयार करायला श्रम लागतात आणि मृत्यूनंतरच्या विधीत अशा हजारो जुड्या लागतात. माणूस मेला की त्याच्या आईच्या कुळातल्या स्त्रिया महिनोन्‌महिने तयारी करून हे वाटप करतात. दुखवटा पाळणाऱ्या बापाच्या आणि जोडीदाराच्या नातलगांना त्यातून देणे चुकते होते आणि आपले मातृकूळ अभंग आहे हे गावाला दाखवले जाते. बायकोला पुरेशा जुड्या मिळाव्यात म्हणून नवऱ्याला स्वतःची संपत्ती खर्च करावी लागते. तिचा भाऊ दर वर्षी नवऱ्याच्या घरी कोनफळाच्या जातीच्या कंदांचे पीक पाठवतो, त्याची ही एका अर्थी परतफेड असते. म्हणजे ज्या कंदांच्या देवघेवीवर मालिनोव्स्कींनी पानेच्या पाने लिहिली, तिची दुसरी बाजू स्त्रियांच्या हातात होती. मालिनोव्स्कींनी मृत्युविधींचे वर्णन केले होते, घागरे पाहिले होते, पण हे अर्थव्यवस्थेचे अंग आहे असे त्यांना वाटले नाही. सरदाराच्या वस्तीत, पुरुषांच्या कुला-सफरी आणि मळ्यांची मंत्रविद्या यांच्यामध्ये तंबू ठोकलेल्या माणसाला संपत्ती म्हणजे काय याची कल्पनाच पुरुषांच्या व्यवहारातून आली होती. वायनर यांचे ‘विमेन ऑफ व्हॅल्यू, मेन ऑफ रिनाउन’ हे पुस्तक १९७६ मध्ये आले आणि जगातल्या सर्वांत अभ्यासलेल्या बेटांपैकी एकाचा अभ्यास साठ वर्षे अपुरा होता हे उघड झाले.

इथे दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की मग स्त्रियांविषयी स्त्रीनेच आणि बेटाविषयी बेटकऱ्यानेच लिहावे का? वायनर यांच्या उदाहरणातून असे निघत नाही. त्या बेटावरच्या नव्हत्या. आणि केवळ स्त्री असणे पुरेसे होते असेही नाही, कारण १९७० च्या आसपासच्या स्त्रीवादी चर्चेने स्त्रियांच्या श्रमांकडे अर्थव्यवहार म्हणून पाहायला शिकवले नसते, तर एखाद्या संशोधिकेलाही तो पालापाचोळाच वाटला असता. दुसरा आक्षेप उलट बाजूचा: जागेप्रमाणे सत्य बदलत असेल, तर संशोधनाला अर्थ काय? पण वायनर यांच्या पुस्तकाने सत्याचे दोन तुकडे केले नाहीत, एकाच सत्याचा राहिलेला भाग भरून काढला. जुड्या कोणीही मोजू शकतो, वाटपाच्या यादीत कोणाला किती गेले हे पुरुष संशोधकही तपासू शकतो. जागेमुळे दार उघडले. आत जे सापडले ते सगळ्यांसाठी सारखेच पुरावा म्हणून उभे राहिले. आंबेडकरांनी १९१६ मध्ये ज्या दोन गोष्टी एकत्र धरल्या होत्या, त्या इथे प्रत्यक्ष कामात एकत्र आलेल्या दिसतात.

वायनर किरिविनात होत्या त्याच्या आदल्या वर्षी श्रीनिवासांवर मोठी आपत्ती कोसळली होती. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या अभ्यासकेंद्रात ते रामपुराच्या माहितीवर ग्रंथ लिहायला बसले होते. २४ एप्रिल १९७० रोजी केंद्राला आग लावण्यात आली आणि अठरा वर्षे घासूनपुसून तयार केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती त्यात जळाल्या. सोल टॅक्स या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांनी धीर दिला की आठवणीतूनच लिहा. श्रीनिवासांनी ध्वनिमुद्रण यंत्रासमोर बसून आठवेल ते सांगायला सुरुवात केली आणि १९७६ मध्ये, वायनर यांच्या पुस्तकाच्याच वर्षी, ‘द रिमेंबर्ड व्हिलेज’ प्रसिद्ध झाले. टिपणे गेल्यामुळे लेखकाला स्वतःला लपवता आले नाही. बैलांच्या घरातला मुक्काम, गावप्रमुखाची मर्जी सांभाळण्याची धडपड, कोणत्या घरात जाता आले आणि कोणत्या नाही, हे सगळे मजकुरात आले. आपल्याला दिसलेले गाव मुख्यतः वरच्या जातींच्या बाजूने दिसलेले आहे, हेही श्रीनिवासांनी झाकले नाही. मला हे पुस्तक भारतीय समाजशास्त्रातल्या सर्वांत वाचनीय पुस्तकांपैकी एक वाटते. तरीही एक भेद नोंदवला पाहिजे. श्रीनिवासांनी वाचकाला आपली मर्यादा सांगितली, पण मर्यादेपलीकडे काय होते ते सांगणे त्यांना शक्य नव्हते. रामपुराच्या दलित वस्तीतून गाव कसे दिसत होते, हे त्या कबुलीने कळत नाही. कबुलीने रिकामी जागा दाखवली, ती भरली नाही.

पुढच्या दशकात अमेरिकेत या कबुलीलाच शास्त्राचे रूप आले. १९८४ मध्ये सांता फे इथे झालेल्या चर्चासत्रातून जेम्स क्लिफर्ड आणि जॉर्ज मार्कस यांनी १९८६ मध्ये ‘रायटिंग कल्चर’ हा लेखसंग्रह काढला. संशोधकाचे लेखन म्हणजे वस्तुस्थितीचा आरसा नव्हे, ते रचलेले असते आणि त्यामागे सत्तेचे संबंध असतात, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याआधी, १९७३ मध्ये तलाल असद यांनी मानववंशशास्त्र आणि वसाहतवाद यांच्या नात्यावर संपादित केलेल्या ग्रंथाने हा रस्ता मोकळा केला होता. ‘रायटिंग कल्चर’चे उपकार नाकारण्याचे कारण नाही. मात्र सत्तेविषयी इतके बोलणाऱ्या या पुस्तकातल्या लेखकांत स्त्री एकच होती आणि स्त्रीवादी मानववंशशास्त्राला तर त्यात स्थानच नव्हते, याकडे लवकरच बोट दाखवले गेले. १९९५ मध्ये ‘विमेन रायटिंग कल्चर’ हा संग्रह त्याला उत्तर म्हणून निघाला. स्वतःकडे पाहण्याचे तत्त्व मांडणाऱ्यांनाही बैठकीत कोण नाही हे दिसले नव्हते. माणूस स्वतःला कितीही न्याहाळो, आपल्याला न दिसणारे त्याला त्यातून दिसत नाही. त्यासाठी दुसऱ्याची गरज लागते, हे इथे फार स्पष्टपणे सिद्ध झाले.

महाराष्ट्रात तोवर ही गोष्ट तत्त्वचर्चेशिवाय घडूनही गेली होती. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. आंबेडकरी चळवळीचा इतिहास तोवर बहुतांशी पुढाऱ्यांचा, सभांचा आणि ठरावांचा म्हणून लिहिला गेला होता. चळवळीतल्याच या दोघींनी जुन्या कार्यकर्त्या स्त्रियांना शोधून काढले, त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि नियतकालिकांतले दाखले जमवले. महाडच्या आणि नाशिकच्या सत्याग्रहांतला स्त्रियांचा सहभाग, जुलै १९४२ मध्ये नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेली दलित महिला परिषद, तिथे घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाला बंदी यांविषयी झालेले ठराव, हे सारे या पुस्तकामुळे इतिहासाच्या मुख्य धारेत आले. वायनर यांनी किरिविनात केले तेच काम इथे झाले, पण अधिक कठीण परिस्थितीत, विद्यापीठाच्या नोकरीचा आधार नसताना. पवार आणि मून यांना स्वतःच्या जागेविषयी लांबलचक निवेदन करावे लागले नाही. त्यांनी विचारलेल्या प्रश्नांतच ती जागा दिसत होती.

१९९५ मध्ये राज्यशास्त्रज्ञ गोपाळ गुरू यांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये दलित स्त्रियांच्या वेगळ्या बोलण्याचे समर्थन करणारा लेख लिहिला. त्याच वर्षी दलित स्त्रियांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला होता. सवर्ण स्त्रीवाद सर्व स्त्रियांच्या वतीने बोलतो आणि दलित पुरुषांचे नेतृत्व सर्व दलितांच्या वतीने, यात दलित स्त्रीचा आवाज दोन्हीकडून दाबला जातो. सामाजिक स्थानावर आकलन अवलंबून असल्यामुळे बिगरदलितांनी दलित स्त्रियांविषयी केलेली मांडणी कमी अस्सल ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. १९९८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या शर्मिला रेगे यांनी त्याच नियतकालिकात प्रतिसाद दिला. स्त्री म्हणजे सवर्ण स्त्री आणि दलित म्हणजे दलित पुरुष असे समीकरण दोन्ही चळवळींत कसे बसले, याचा इतिहास त्यांनी मांडला आणि गुरूंच्या आरोपाचे वजन मान्य केले. मात्र भूमिदृष्टी, म्हणजे विशिष्ट सामाजिक जागेवरून जग पाहण्याची नजर, जन्माने आपोआप मिळत नाही, ती इतिहास आणि संघर्ष समजून घेऊन कमवावी लागते, असे त्यांचे प्रतिपादन होते. बिगरदलित स्त्रीवाद्यांनी दलित स्त्रियांच्या वतीने बोलू नये, पण ‘हा आमचा विषय नाही’ म्हणून बाजूलाही होऊ नये. दलित स्त्रीवादी म्हणून स्वतःला नव्याने घडवावे. या भूमिकेवर टीकाही झाली. अशाने पुन्हा सवर्णच दलित स्त्रीवादाचे भाष्यकार बनतील, ही भीती निराधार नव्हती. पण रेगे यांनी २००६ च्या ‘रायटिंग कास्ट, रायटिंग जेंडर’ या पुस्तकात जे केले, ते पाहिले की त्यांना काय म्हणायचे होते ते उमगते. बेबी कांबळे, शांताबाई कांबळे, कुमुद पावडे, ऊर्मिला पवार अशा लेखिकांच्या आत्मकथनांतले दीर्घ भाग त्यांनी इंग्रजी वाचकांपुढे ठेवले. कोणा एकीच्या वैयक्तिक दुःखाची कहाणी म्हणून नव्हे, तर जातीचा आणि पितृसत्तेचा इतिहास सांगणारी साक्ष आणि ज्ञान म्हणून. संशोधिकेने स्वतःविषयी किती सांगितले, यापेक्षा तिने आपल्या पुस्तकाची पाने कोणाला दिली, हे इथे अधिक बोलके आहे.

तरीही गुरूंनी २००२ मध्ये त्याच नियतकालिकात उचललेला प्रश्न रेगे यांच्या कामाने संपला नाही. भारतीय समाजशास्त्रांत सिद्धान्त मांडणे एका वर्गाकडे आणि माहिती गोळा करणे दुसऱ्या वर्गाकडे, अशी विभागणी रूढ आहे, आणि ती जातिव्यवस्थेचीच प्रतिकृती आहे, असा त्यांचा आरोप होता. दुसरीकडे, गुणात्मक संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याने आज प्रबंधाच्या पद्धतिविषयक प्रकरणात आपली जात, लिंग, वर्ग आणि शिक्षण यांविषयी एक परिच्छेद लिहावा अशी अपेक्षा वाढत चालली आहे. तो परिच्छेद वाचताना विचारायला हवे ते असे: या स्थानामुळे विद्यार्थ्याला कोणत्या घरांत जाता आले नाही, आणि ते कळल्यावर त्याने नमुना बदलला का, दुसरा सहकारी सोबत घेतला का, निष्कर्षांची व्याप्ती कमी केली का? बहुतेक परिच्छेदांत याचे उत्तर नसते. आणि ज्यांच्या दारातून आजवर कोणी आत गेले नाही त्या वस्त्यांतली मुले-मुली माहिती गोळा करणारे मदतनीस म्हणून नव्हे, तर मार्गदर्शक आणि लेखक म्हणून विद्यापीठात बसायची असतील, तर रिक्त राहिलेल्या राखीव जागा भराव्या लागतात, शिष्यवृत्त्यांचे पैसे सत्र संपायच्या आत द्यावे लागतात आणि मराठीत लिहिलेल्या प्रबंधाला इंग्रजी प्रबंधाइतकेच गांभीर्याने वाचावे लागते.